तारामतीकाकू बिअरच्या टाकीपाशी

तारामतीकाकू प्यायला लागल्या, ही बातमी हैदराबादेत, बरकतपुऱ्यात दूधवाल्याच्याही आधी पोचली. गच्चीबौलीच्या एका बिअरच्या हॉटेलात, चांगली इरकल नेसून, समोर चार ग्लास मांडून बसलेलं त्यांना कुणीतरी पाहिलं होतं. ग्लास औषधाच्या मापाएवढे होते. पण संध्याकाळपर्यंत गल्लीने त्यांच्या बाटल्या केल्या. खरं सांगायचं तर काकूंनी दोन थेंबांच्या वर काही घेतलं नाही. त्या गेल्या होत्या जावई तपासायला.

त्यांची शर्वरी ओंकारशीच लग्न करीन म्हणून बसली होती. मुलगा पुण्याचा, शिकलेला, बोलायला गोड. घरी आला तेव्हा अन्नप्रक्रियेत आहे म्हणाला. काकूंनी धरलं, लोणची नाहीतर बिस्किटं असतील. पुढे शर्वरीच्याच तोंडून कळलं की तो हॉटेलातच बिअर बनवतो. तेव्हापासून काकूंची झोप उडाली. त्यांच्या धाकट्या बहिणीला असाच, सुपारीचंही व्यसन नसलेला नवरा मिळाला होता, आणि हळद उतरायच्या आत दिराने त्याला कल्लू कंपाउंडातून, म्हणजे ताडीच्या गुत्त्यातून, रिक्षात घालून आणला होता. त्यात हा ओंकार सारखी बडीशेप चघळायचा. एवढी बडीशेप कुणी उगाच चघळतं होय?

म्हणून एका शनिवारी दुपारी काकू न कळवता निघाल्या. शर्वरीला बरोबर घेतलं, तिचा फोन मात्र स्वतःच्या पिशवीत टाकला.

वेटरने लाकडी फळीवर चार छोटे ग्लास आणून ठेवले आणि चव बघून आवडेल ती मागवा म्हणाला. नुसतं चाखायचं म्हटलं की काकूंना एकच रीत ठाऊक. त्यांनी उजवा तळहात खोलगट केला, त्यात गव्हाच्या बिअरचे दोन थेंब घेतले, ओठांना लावले आणि सवयीने ओला हात डोक्यावरून फिरवला. शर्वरीने मेन्यूकार्डात तोंड लपवलं. कुरडयांच्या चिकासारखा वास येतोय, असा निकाल काकूंनी दिला, आणि त्यांचा संशय आणखी वाढला. घरच्यासारखं काही बाहेर विकत मिळालं की त्यांना ती फसवणूकच वाटते.

काचेपलीकडे स्टीलच्या टाक्यांजवळ ओंकार उभा होता. त्याने ग्लास भरला, घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. पुढच्या टाकीपाशी तेच.

"बघ," काकू म्हणाल्या, "लोकांना पाजतो आणि स्वतः थुंकतो. काय कालवलंय त्यात?"

गिळत बसला तर पुढच्या टाकीची चव कशी कळेल, असं शर्वरीने समजावलं. काकूंनी नुसतं हूं केलं. दुपारी थुंकणारा संध्याकाळी काय करतो, हा प्रश्न उरलाच होता.

तेवढ्यात मॅनेजर आत शिरला. दार अर्धं उघडं राहिलं आणि काकूंचे कान तिकडे लागले. ही टाकी बिघडली, विकायची नाही, असं ओंकारचं म्हणणं. तर मॅनेजरला शनिवारची गर्दी दिसत होती.

"आम का रस डालके चला दो मियाँ, किसकू समझता?"

ओंकार नाही म्हणाला. मॅनेजरने नोकरीची भीती घातली. त्यावर ओंकार खाली वाकला, तळाचा नळ सोडला आणि अख्खी टाकी मोरीत जाऊ दिली. मग मान वर केली तर काचेला नाक लावून होणाऱ्या सासूबाई. बिचारा लगबगीने बाहेर येऊन नमस्काराला वाकला, तो हातातल्या ग्लासासकट.

परतताना गाडीत, काचीगुडा मागे पडल्यावर काकूंनी पिशवीतून फोन काढून शर्वरीच्या हातात दिला आणि त्याच्या आईवडिलांना बोलावून घे म्हणाल्या.

गल्लीचं एवढ्यावर कसं भागणार? हळदीकुंकवाला शेजारच्या शैलाताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलंच, की हल्ली मुलगा दारूच्या दुकानात जाऊन पसंत करतात का?

काकूंनी अत्तरदाणी खाली ठेवली.

"तुम्ही सगळ्यांनी आपापले जावई पोहे खाताना बघितले," त्या म्हणाल्या. "मी माझा कामावर बघून आले."