सिंगापूरचा कॅमेरा आणि तीट

भाईंदर पश्चिमेला लग्नाचे फोटो काढणारा उत्तम म्हाप्रळकर स्वतःला फार चोखंदळ गिऱ्हाईक समजायचा. २००६ साली टूरबरोबर सिंगापूरला गेला, तेव्हा बाकीची मंडळी पक्षी बघत होती आणि हा डिजिटल कॅमेऱ्यासाठी दुकानं पालथी घालत होता. भाव पाडला, वॉरंटी भारतात चालेल याची खात्री केली, खोक्यावरचा नंबर कॅमेऱ्याशी ताडून पाहिला. आपल्याला कोण गंडवणार, या तोऱ्यात तो घरी आला.

बायकोने, गिरिजाने, पाटावर पूजा मांडली. "कुंकवाचं नुसतं बोट लावते," ती म्हणाली. उत्तमला ते पटेना. लेन्स वेगळी विकत घेतली, तर तिची पूजाही वेगळीच व्हायला हवी. त्याने लेन्स काढली, कॅमेरा उघड्या तोंडाने पाटावर ठेवला आणि दोन्हींवर चिमटीने हळदकुंकू वाहिलं. वर पंखा गरगरत होता.

पुढच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका उमटला. आत जाऊन बसलेल्या कुंकवाच्या कणाची ती सावली होती, आणि वॉरंटीत कुंकू बसत नव्हतं.

अल्बम द्यायला गेलेला उत्तम माफी मागणार, एवढ्यात नवरीची आई पहिल्या पानावरचा लेकीचा फोटो बघून म्हणाली, "गालाला तीट लावायची राहूनच गेली होती. बरं झालं, तुम्ही आठवणीने लावलीत."

उत्तमने नम्रपणे मान डोलावली. पुढच्या पानावर तीट भटजींच्या टकलावर होती.