एका आठवड्याचं अंतर

आमच्या घरात पराशा रोज वाचायची, हा वडिलांचा नेम. तोरा म्हणजे आम्हा यहुदी लोकांचं धर्मशास्त्र. वर्षभरात ती पुरी व्हावी म्हणून तिचे आठवड्यागणिक भाग पाडलेत, त्या एकेका भागाला पराशा म्हणतात. मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात (त्याला आम्ही मशीदच म्हणतो), ती शब्बाथला, म्हणजे शनिवारी वाचतात. सोलापुरात आमची मशीदही नव्हती आणि प्रार्थनेला लागतात तेवढे पुरुषही नव्हते. म्हणून वडिलांनी पराशेचे सात तुकडे घरातच वाचायचे ठरवले, रविवारी पहिला, शनिवारी सातवा. रेल्वेची ड्युटी कुठलीही असो, त्या दिवसाचा तुकडा झाल्याशिवाय ते ताटावर बसत नसत. आधी हिब्रू, मग मराठी, मग त्यावर वाद. वाद झाला नाही तर वाचलेलं वाया गेलं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आमच्या घरात काहीच वाया जात नसे.

पुढे वडील गेले. इथली आमची मोजकी घरंही एकेक करून ठाण्याला, मुंबईला, इस्राएलला गेली. धाकटा भाऊ बायको-मुलासकट इस्राएलला गेला. मी राहिले. लग्न केलं नव्हतं, शाळेची नोकरी होती, आणि मला इथलं ऊन मानवतं. जास्त खोदून विचारणाऱ्याला मी एवढंच सांगते.

भावानं तिकडून नेम मोडला नाही. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. इथं दिवेलागण झालेली असे, तिकडं अजून लख्ख ऊन. वाचायचं आळीपाळीनं, भांडायचं दोघांनी.

काही वर्षी मात्र आमची गाठ चुकते. पेसाखचा सण तिकडं सात दिवस, आपल्याकडं आठ. आठवा दिवस शनिवारी आला, की त्या शब्बाथला आपण सणाचं वाचतो आणि ते लोक नेहमीची पुढची पराशा वाचून टाकतात. तिथून ते एक आठवडा पुढे. कधीकधी पार पावसाळ्यापर्यंत हे अंतर राहतं, मग आपण एका शब्बाथला दोन पराशा वाचून त्यांना गाठतो.

तसं झालं की तो त्याचा तुकडा मला वाचून दाखवायचा आणि मी माझा त्याला. "आक्का, मी पुढच्या आठवड्यातून बोलतोय. काही विचारायचं असलं तर विचारून घे," अशी त्याची सुरुवात. मी चिडायचे. पुढचं आधी सांगू नको म्हणायचे. शेकडो पिढ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आणि म्हणे आधी सांगू नको! तो पोट धरून हसायचा.

तो शेवटचा आषाढ. त्याच्याकडं हुक्कत नावाची पराशा चालली होती. मी अजून तिच्या आधीच्या पराशेत होते. सोमवारच्या तुकड्यात मोशेची, म्हणजे आमच्या लोकांना इजिप्तच्या गुलामीतून सोडवून आणणाऱ्याची, थोरली बहीण मिर्याम मरते. मेली, पुरली, संपलं. त्याच पराशेत पुढं भाऊ अहरोन मरतो, तर सगळे लोक महिनाभर रडतात. मी संतापले. म्हटलं, बहिणीला अर्धी ओळ आणि भावाला महिना?

"तिचं वय झालं होतं, आक्का," तो म्हणाला. "थोरलीनं आधी जायचं, मग भावांनी. क्रम ठरलेलाय."

"मेल्या, माझ्यावर टपलायस होय!" मी म्हटलं, आणि दोघंही खूप हसलो.

बुधवारी अदोमच्या राजाची गोष्ट होती. मोशे त्याला निरोप पाठवतो, आम्ही तुझे भाऊबंद, तुझ्या देशातून जाऊ दे, शेतात पाय ठेवणार नाही, विहिरीचं पाणीसुद्धा पिणार नाही. राजा नाही म्हणतो. माझं म्हणणं, ज्याचं घर त्याची मर्जी. त्याचं म्हणणं, भाऊ म्हटल्यावर वाट सोडावी. वाद अर्ध्यावर राहिला. "उरलेलं उद्या," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. उद्याच्या तुकड्यात अहरोन डोंगरावर चढणार होता.

पहाटे त्याच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेला होता. आमच्यात उशीर करत नाहीत, त्याच दिवशी माती झाली. मी मोबाइलवर पाहिली. भाचा सगळ्यांशी नीट बोलत होता, कुणाला पाणी देत होता, कुणाला जागा करून देत होता. डोळे कोरडे. त्या शांतपणाची मला भीती वाटली.

आमच्या रीतीप्रमाणे मी घरातला आरसा झाकला आणि सात दिवस जमिनीवर बसले. शेजारीण मोडनिंबकडची. तिनं रोज डबा आणला, भाकरी, शेंगाची चटणी, उकडलेली अंडी. भिंतीपलीकडून माझं वाचन तिला वर्षानुवर्षं ऐकू येतं.

"आक्का, दोन-तीन दिस झालं, तुमचं वाचणं ऐकू येईना."

"बंद असतं. घरात सुतक असलं की तोरा वाचायची नाही."

"आगं बया! आमच्यात माणूस गेलं की पोथी लावतेत. तुमच्यात हाय ती बंद करतेत व्हय?"

मी तिला सांगितलं, तोरा वाचून मनाला आनंद होतो असं मानतात, आणि सुतकात आनंद नको. तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "लई कडक हाय की तुमचं."

मलाही ते कडकच वाटलं, राग आला. कारण रविवारपासून हुक्कत माझ्याकडं आली होती. त्यानं वाचून दाखवलेली ती शेवटची पराशा, आणि नेमकी तीच मला उघडायची नव्हती.

पुढच्या बुधवारी सकाळी सुतक सुटलं. तोंड धुतलं, पुस्तक काढलं आणि मागचे सगळे तुकडे एका बैठकीत वाचले. जागोजागी त्याचा आवाज होता. अदोमच्या राजाशी येऊन थांबले, पुस्तक मिटलं. इथवर तो माझ्याबरोबर होता. गुरुवारचा तुकडा वाचला असता, तर त्याला मागं ठेवून मी एकटी पुढं गेले असते. त्यापेक्षा नेम इथंच संपवावा असं मी मनाशी ठरवलं. ठरवलं आणि ढसाढसा रडले.

गुरुवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. भाचा होता.

"आत्या, बाबांच्या फोनवर रोज या वेळेला गजर होतो. तुला फोन करायची आठवण म्हणून लावलेला असणार. बंद करू का?"

 मी उत्तर द्यायच्या आत त्यानंच विचारलं, "आज तुम्ही दोघं काय वाचणार होतात?"

आज नाही, मागच्या गुरुवारी तो वाचणार होता, असं सांगायचं होतं. त्याऐवजी मी पुस्तक उघडलं आणि त्याला बैस म्हटलं.

वाचायला लागले. मोशे, अहरोन आणि अहरोनचा मुलगा एलाजार, तिघं सगळ्यांच्या देखत डोंगर चढतात. वर गेल्यावर मोशे भावाच्या अंगावरची मुख्य पुजाऱ्याची वस्त्रं उतरवतो आणि मुलाच्या अंगावर चढवतो. अहरोन तिथंच मरतो. मग मोशे आणि एलाजार डोंगर उतरतात.

"थांब आत्या," भाचा म्हणाला. "उतरताना ते दोघं काय बोलले?"

मी ओळीवरून बोट फिरवून पुन्हा पाहिलं.

"इथं काही लिहिलेलं नाही रे."

 तो रडायला लागला, लहानपणी सोलापुरात रडायचा तसा, मोठ्यानं. मी फोन कानाला धरून बसले. त्याचं रडून झालं तेव्हा त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "मग पुढं?"