पडणाऱ्याचा इशारा

पडदा वर गेला आहे, असं समजा. मंडणगडाकडच्या एका वाडीतली जांभ्याच्या घराची पडवी. मधोमध खाट, खाटेवर बाबू. अंगणात रिक्षा उभी. रिक्षावाल्याने इंजिनही बंद केलेलं नाही. बाबूला डायलिसिसला न्यायचं आहे, आणि आज बाबू उठायला तयार नाही.

हा माझा राक्षस. गावच्या उत्सवात दरसाल पौराणिक नाटक व्हायचं. मी कधी देव, कधी राजा. बाबू मात्र कायम मरणारा. तो पाऊल आपटायचा तेव्हा रंगमंचाच्या फळ्या थरथरायच्या. पण पडायचा इतका देखणा, की टाळ्या त्यालाच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. म्हणजे, थोडं वाटायचं.

लोकांना वाटे, मारतो मी. खरं तर आमच्या लढाईत सगळं पडणाऱ्याच्या हाती. पाय कुठे टेकायचा, दम किती उरलाय, हे त्यालाच ठाऊक. तो माझं मनगट धरून हळूच "आता" म्हणायचा, मगच मी वार करायचो. पहिल्याच तालमीत त्याने बजावलं होतं, "दादा, मला इचारल्याबिगर मारायचं नाय. हाडं माझी हायत."

"दादा, तुमी तरी सांगा त्येंना," त्याची बायको चिमा म्हणाली. "लढा म्हणावं. मुंबईवरनं पोरगा पण तेच सांगतोय."

सून योगिनी शाळेत शिकवते. सासऱ्याचं मन रमावं म्हणून वर्गासाठी केलेल्या विरुद्धार्थी शब्दांच्या पट्ट्या ती त्याच्यापुढे धरत होती.

"बाबा, युद्ध?"

"शांतता."

"भांडण?"

"समेट. तुझ्या सासूला म्हायती नाय तो."

"गप ऱ्हावा!" चिमा हसली आणि लगेच पदर डोळ्यांना लावला.

"कष्ट?"

"आराम."

"लढणे?"

योगिनीने पट्टी उलटली. मागे 'शरण जाणे' लिहिलं होतं. बाबूने मान हलवली. "तसं नाय गो."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. चिमाने माझा दंड धरला. "सांगा ना."

मी खाटेशी वाकलो. "चल रे बाबू," म्हटलं, "एवढी एक खेप कर." माझाच आवाज मला खोटा वाटला.

थोड्या वेळाने मी रिक्षा परत पाठवली. चिमा माझ्याकडे बघतच राहिली. मी काही ठरवलं नव्हतं. जे आमचं तालमीत ठरलं होतं, तेच माझ्याकडून झालं. सुजलेल्या हाताने बाबूने माझं मनगट धरलं होतं, आणि पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने तोच इशारा शेवटचा दिला होता,

"आता, दादा."