टाचण्याने सायकलचं माप घेतलं

माझ्या भावाला मी टाचण्या म्हणते. शिंपी माणूस, तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे सगळं बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून. कळलं तर कळलं, नाही तर आपण अंदाज बांधायचा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो कापतो, शिवतो. मी काजं-बटणं आणि हातशिलाई करते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि राहणारी माणसं तीन: तो, मी आणि त्याची मुलगी. भावजय गेली तेव्हा पोरगी सात वर्षांची होती. आता तेवीसची आहे आणि मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. हे सगळं सायकल-पुराण घडलं ते तिच्यापायी. जसं घडलं तसं सांगते. त्यातलं अर्धं मला तेव्हा कळत नव्हतं, आणि थोडं अजूनही कळलंय असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

पहिल्या पगारात पोरीने एका डॉक्टरची जुनी सायकल घेतली. आपण लहानपणी चालवायचो तसली नव्हे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर माझ्या अंगठ्याएवढे, आणि बाकी काही म्हणजे काही नाही. कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही.

"बाकीची कुठे राहिली?" टाचण्याने विचारलं.

"बाबा, ही पळवायची सायकल आहे. एवढीच असते."

हॉस्पिटल अकरा किलोमीटर. ड्यूटी साडेसहाची आणि पहिली बस सातची, म्हणून सायकल. पोरगी वाऱ्यासारखी जायची हो! पण आमच्या भागातला रस्ता नळाच्या पाइपांसाठी खणलेला. गेले आठ महिने खणलेलाच आहे. पाइप ठिकठिकाणी गळतात, आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी रस्त्यात चिखल. मागचं चाक तो चिखल उचलायचं आणि पोरीच्या पांढऱ्या गणवेशावर कमरेपासून मानेपर्यंत सरळ पट्टा ओढायचं. तिथल्या मुख्य बाई रोज विचारायच्या, "तुझ्या पाठीवर रोज नवा रस्ता कोण आखतं गं?"

मग एका संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं. हॉस्पिटलच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या आहेत, त्यातली एक रिकामी झालीय. मुख्य बाईंनी तिला विचारलंय. पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

जेवताना तोंडात टाचण्या नसतात, तरी माझा भाऊ ओठांच्या कोपऱ्यातूनच म्हणाला, "चिखलासाठी घर सोडायचं?"

"चिखलासाठीच असं नाही..."

"मग कशासाठी?"

पोरगी ताटात बघत बसली. मग म्हणाली, "त्या सायकलला मडगार्ड बसतच नाही, बाबा. दुकानदाराने सांगितलंय. बसलं असतं तर राहिले असते."

"बसवलं तर राहशील?"

"राहीन की."

"मग बसवतो," टाचण्या म्हणाला, आणि त्याने भात वाढून घेतला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पोर घरात राहावी असं मलाही वाटत होतं. ती दोन दिवस नसली तर आमच्या घरात शिलाई मशीन सोडून कोणी बोलत नाही. तिचा चेहरा मात्र मला समजला नाही. राहायचं ठरतंय तर हसायला हवं होतं ना? म्हटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बहीण-भाऊ सायकलच्या दुकानात गेलो. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे. काय सांगू, नुसती भिंतभर मडगार्डं! प्लॅस्टिकची, पत्र्याची, लांब, आखूड, काही तर नुसती पट्टी. दुकानदार गोल चेहऱ्याचा, चष्मा कपाळावर. त्याने प्रश्नांची सरबत्ती लावली. पूर्ण की अर्धं? पट्ट्याने बांधायचं की नटाने आवळायचं? पस्तीस, पंचेचाळीस की पन्नास?

"पन्नास काय?" मी विचारलं.

"मिलिमीटर. रुंदी."

"आणि टायर?"

"पंचवीस. टायरवरच लिहिलेलं असतं, सातशे गुणिले पंचवीस."

"सातशे काय?"

"ते सोडा, मावशी." चष्मा डोळ्यांवर घेत तो सायकलकडे वळला. "हिला मडगार्डाच्या काड्या आवळायला भोकंच नाहीत. वर ब्रेक आणि टायर यांच्यात धड बोट जात नाही. मी तुमच्या मुलीला सांगितलं होतं, बसत नाही म्हणून."

"बोट जात नाही," टाचण्या म्हणाला, "पण कापड जातं." आणि गळ्यातली टेप काढून तो सायकलचं माप घ्यायला लागला. छाती, कंबर, उंची! दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने घेतलं पंचेचाळीसचं. का? तर अंगासरशी काही शिवू नये, दोन बोटं सूट हवी. दुकानदार म्हणाला, "काका, ही सायकल आहे, पायजमा नाही." पण ऐकेल तो आमचा टाचण्या कसला! घरी आणलं, तर ते पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांमध्ये शिरेचना. परत दुकान.

दुसऱ्या खेपेला आखूड आणलं, सीटखालच्या दांडीला पट्ट्याने बांधायचं. बसलं बाई एकदाचं. पोरगी ते लावून गेली, आणि खड्ड्यांच्या दणक्यांनी ते एका बाजूला फिरलं. चिखलाचा पट्टा पाठीच्या मधोमध होता तो डाव्या खांद्यावर गेला. मुख्य बाई म्हणाल्या, "रस्ता वळवला वाटतं?" ती हे हसत हसत सांगत होती. टाचण्याला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी एका माणसाच्या शर्टाला त्याने दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. त्याच्या हातून असं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला पस्तीसचं, पूर्ण लांबीचं. रुंदी बरोबर जमली. काड्या आवळायला भोकं नव्हती तर दुकानदाराने आतून रबर लावलेल्या छोट्या पकडी दिल्या, त्या दांडीला आवळायच्या आणि काडी त्यांना. राहिला ब्रेक. त्याच्याखालून मडगार्ड काही केल्या जाईना.

"बगलेत कापड अडलं तर काय करतो आपण?" टाचण्याने मला विचारलं.

"कापतो आणि जोड देतो."

"मग?"

मी म्हटलं, अरे ते कापड, हे प्लॅस्टिक. पण त्याने खरंच खडूने खुणा केल्या, करवतीने मडगार्डाचे दोन तुकडे केले, एक ब्रेकच्या पुढे, एक मागे, आणि मधे पातळ पत्र्याची पट्टी जोडली. दुकानदार मुद्दाम बघायला आला आणि चष्मा कपाळावरून काढून पुसत बसला. सगळं छान झालं असतं, पण माप घेण्याआधी माझ्या भावाने चाकातली हवा सोडली होती.

"हवा का रे सोडलीस?"

"गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं, तेव्हा मी काय सांगतो? श्वास सोडा. सैल अंगाचंच माप खरं."

मला ते पटलं! शप्पथ, पटलं. आयुष्यभर त्याच्या तोंडून तेच ऐकलंय. माणसाने श्वास सोडला की पोट पुढे येतं आणि चाकाने सोडला की आत जातं, एवढी साधी गोष्ट दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. सकाळी पोरीने पंप मारून हवा भरली आणि चाक मडगार्डात असं रुतलं की हलेना. सायकल तिथेच टाकून ती बसमागे धावली. तासभर उशीर झाला, बोलणी खावी लागली.

संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "राहू द्या ना बाबा आता."

"रविवारी करतो. सोमवारच्या आत," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरात तिला गाठून म्हटलं, "अगं, बाप तुझ्यासाठी मरमर मरतोय आणि तू राहू द्या म्हणतेस?"

"माहितीये आत्या. तेच तर."

"तेच तर म्हणजे काय?"

ती भांडी विसळायला लागली. आता मला सांगा, यावर माणसाने काय समजायचं?

शनिवारी तिच्या गणवेशाचं सुटलेलं बटण लावताना खिशात घडी केलेला कागद लागला. उघडला. एका खोलीचा आराखडा होता. इथे पलंग, इथे टेबल, इथे खिडकी. शिंप्याचीच पोर, खिडकीचं माप लिहिलेलं आणि खाली: पडदा, फिका पिवळा, दोन पदर. कागद घड्यांवर फाटायला आला होता. किती वेळा उघडून पाहिला असेल तिने! म्हणजे तिला जायचं होतं. चिखल हे नुसतं निमित्त. बापाला "मला वेगळं राहायचंय" म्हणवत नाही, म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवत होती. मडगार्ड बसतच नाही हे कळल्यावर तिने निर्धास्तपणे शब्द दिला, आणि हा वेडा तो शब्द खरा करायला निघाला होता.

मी कागद होता तसा खिशात ठेवला आणि मूग गिळून बसले. सांगायला हवं होतं. पण ती राहिली तर मलाही हवीच होती, नाही का? तिची बाजू घ्यावी की त्याची की माझी, काही सुचेना. त्या दिवशी मी एकाच शर्टाला दोनदा इस्त्री केली.

रविवारी दुपारी टाचण्याने चाक टणक होईपर्यंत हवा भरली आणि मग माप घेतलं. जीनच्या कापडाची दुहेरी घडी टायर आणि मडगार्ड यांच्यातून सगळीकडे सरकवून पाहिली. जिथे अडली तिथे कानशीने घासलं. वळताना पोरीचा बूट पुढच्या मडगार्डाला लागत होता, तर त्याचं टोक कापून मागे घेतलं. तीन तास गेले. मग ती चालवून आली, मुद्दाम गळक्या पाइपाच्या डबक्यातून दोनदा. उतरून तिने पाठ दाखवली. पांढरी स्वच्छ.

"जमलं बाबा," ती म्हणाली, आणि फोन करायला आत गेली.

खिडकी उघडीच होती. आम्हाला दोघांनाही ऐकू आलं. "खोली नको, मॅडम. दुसऱ्या कुणाला द्या... हो, घरूनच येईन." मग नळ सुरू झाला आणि बराच वेळ वाहत राहिला. मग ती आमच्यासाठी चहा घेऊन बाहेर आली. "खूप छान बसलंय," असं म्हणून हसली आणि परत आत गेली.

शिवलेलं आवडलं नाही तरी छान झालंय म्हणणारी गिऱ्हाइकं असतात. टाचण्याला ती लांबूनही ओळखू येतात. कप हातात धरून तो तिच्या पाठीकडे बघत राहिला.

"ताई, ही खूश का नाही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तिला जायचंय रे," मी म्हणाले.

"कुठे?"

"त्या खोलीत. पहिल्यापासून."

"मग बोलली का नाही?"

"कुणाला बोलणार? तू नऊ दिवस चाकात तोंड घालून बसला होतास. आणि मी शहाणी, कालपासून माहीत असून गप्प."

तो चिडेल असं मला वाटलं. चिडला नाही. "माझं काही चुकलं का?" म्हणाला. मग म्हणाला, "इथे काय कमी आहे तिला?" मग पुन्हा म्हणाला, "माझं चुकलं का गं?" मला रडू यायला लागलं. कुणाचंच काही चुकलं नव्हतं, मग सांगणार काय? चहा तसाच निवला. तो किती वेळ त्या सायकलकडे बघत बसला, कुणास ठाऊक. मग उठला, पाना हातात घेतला आणि हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

ती आली. डोळे लालच होते.

"बसत नाही हे," टाचण्या म्हणाला.

"काय बसत नाही?"

"मडगार्ड. घासतंय. माप चुकलं माझं."

"नाही हो बाबा, मी आत्ता तर चालवून..."

त्याने सीट धरून मागचं चाक वर उचललं आणि हाताने जोरात फिरवलं. चाक फिरत राहिलं. आम्ही तिघं ऐकत उभे होतो. आवाज म्हणून नव्हता, कापडाच्या तुकड्याएवढाही नाही. नऊ दिवस खपून काम असं केलं होतं पठ्ठ्याने.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "घासतंय की नाही? तू म्हणाली होतीस, बसलं तर राहीन. नाही बसलं. आता काय करणार? बाईंना परत फोन लाव, खोली कुणाला देऊ नका म्हणावं."

पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. मग खाली बसून तिने कान चाकाजवळ नेला आणि स्वतःच्या हाताने ते पुन्हा एकदा फिरवलं. थांबेपर्यंत ऐकलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "घासतंय."

आणि डोळे पुसत आत फोनकडे धावली.