दगडांचा रकाना

"मातीत दगड आहेत हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं," माझा बॉस क्लाउझन म्हणाला, आणि माझं डोकंच सणकलं. सांगितलं नव्हतं? मातीच्या नमुन्यांसोबत आलेला फॉर्म त्याच्याच टेबलावर पडला होता. 'शेरा' या जागी निळ्या पेनने स्वच्छ लिहिलं होतं: कुदळ मारली की ठिणग्या उडतात, दोन वितींच्या खाली खणताच येत नाही. अजून कसं सांगायचं असतं माणसाने?

मी हॅम्बर्गमधल्या एका छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसात माती तपासते. पुण्याचं ॲग्रिकल्चर कॉलेज, मग इथली डॉक्टरेट, आणि तेव्हापासून हेच काम. ही माती आली होती पॅसिफिकमधल्या एका ज्वालामुखी बेटावरून. तिथे समुद्र किनारा खातोय. भरतीला घरात पाणी येतं. म्हणून चौदा कुटुंबांना वर डोंगरधारेवर न्यायचं, घर आणि भाजीचा मळा द्यायचा, असा एका मदतसंस्थेचा प्रकल्प होता. आम्हाला प्रश्न एकच विचारला होता. वरच्या मातीत पाणी टिकेल का, की पाण्याच्या टाक्या बांधाव्या लागतील? आम्ही लिहिलं, टिकेल, टाक्या नकोत. खाली सही माझी.

दोन महिन्यांनी सेलीनाची मेल आली. ती त्या बेटावरची शेतीअधिकारी, नमुने तिनेच खणून पाठवले होते. तिने लिहिलं होतं की तुमच्या हिशेबाने तीन आठवडे पाऊस नसला तरी चालायला हवं होतं, इथे पाचव्या दिवशी रोपांनी माना टाकल्यात. पहिली सहा कुटुंबं वर आली आहेत. त्यांना मी काय सांगू?

आता घोटाळा कुठे झाला ते सांगते. माती आली की आम्ही ती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतो. खाली पडते ती माती. वर राहते ती खडी, तिला इथे स्केलेट म्हणतात, म्हणजे सांगाडा. पाणी किती धरलं जातं हे फक्त खालच्या मातीवर तपासतात, आणि मग खडीने अडवलेली जागा त्यातून वजा करतात. किलोभर तांदळात निम्मे खडे असतील तर भात अर्ध्या किलोचाच होतो, इतकं हे सोपं आहे. लाव्ह्याच्या डोंगरावर तर हे विसरूनच चालत नाही. तिथला मुसळधार पाऊस बारीक माती उतारावरून खाली नेतो आणि खडी वर राहते. त्या खडीच्या फटींत जी थोडी माती उरते ती मात्र अप्रतिम असते, भुसभुशीत, पाणी धरणारी. लॅबमध्ये तीच आमच्या चमच्यात येते आणि आम्ही खूश.

फॉर्ममध्ये खडीची टक्केवारी लिहायचा रकाना आहे. सेलीनाने तो रिकामा ठेवला होता. नुसत्या नजरेने टक्केवारी सांगणं तिला खोटं वाटलं, म्हणून तिने जे पाहिलं ते शेऱ्यात लिहिलं. आमच्या सॉफ्टवेअरने रिकामा रकाना म्हणजे शून्य धरलं. दगड शून्य! ज्वालामुखीच्या धारेवर!

आमचा लॅब टेक्निशियन उवे तीस वर्षं या कामात आहे. चाळणीवर उरलेली खडी त्याने स्वतःच्या हाताने बाजूला काढली होती. तुला ती दिसली नाही का, असं मी त्याला विचारलं.

"हे बघ, फॉर्ममध्ये टक्केवारी मागितली होती," तो शांतपणे म्हणाला. "वाक्य मागितलं नव्हतं."

त्याला धरून हलवावंसं वाटलं मला. पण खडी मिळाली ती त्याच्याचमुळे. परदेशातली माती इथे साध्या कचऱ्यात टाकता येत नाही, आधी भट्टीत तापवून तिच्यातले जीवजंतू मारावे लागतात. भट्टीचा नंबर लागेपर्यंत उवेने सगळी खडी झाकणाच्या बादल्यांत, नमुन्याचा नंबर लावून, जपून ठेवली होती. मी कोट काढून बसले आणि एकेक बादली तोलली, खडी किती जागा अडवते ते मोजलं. दुपारपर्यंत हिशेब झाला. वरच्या मळ्यांत जवळजवळ दोन तृतीयांश खडीच होती. तीन आठवड्यांचे सहा-सात दिवस झाले.

तोच हिशेब घेऊन मी क्लाउझनकडे गेले होते, तेव्हा तो 'कुणी सांगितलंच नव्हतं' म्हणाला. त्याचं पालुपद एकच. रिपोर्ट क्लायंटने स्वीकारलाय, फाइल बंद आहे, आता चूक कबूल केली तर पुढचं काम मिळणार नाही. सेलीनाने नवीन नमुने पाठवावेत, मग बघू.

"नमुने यायला दोन महिने लागतात," मी म्हणाले. "तोवर त्या लोकांनी काय खायचं?"

"फॉर्म तिने अर्धवट भरला, मीनल. आपण नाही."

मी तावातावाने घरी आले आणि नवऱ्यापुढे सगळं ओकले. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. रिकाम्याला शून्य धरणं हे आमच्याकडे फ्रेशरही करत नाही, असं तो हसत म्हणाला. मग हसू थांबवून त्याने विचारलं, "पण शेरा तू वाचला होतास ना, सही करायच्या आधी?"

नव्हता वाचला. आकडे पाहिले, सुंदर होते, सही ठोकली. इतका वेळ मी जगावर भडकले होते, आणि त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लाउझनला न विचारता दुरुस्तीचं पान क्लायंटला पाठवलं, माझ्या नावाने, चूक माझी असं लिहून. नोकरी गेली तर गेली, असं धरूनच चालले होते. तासाभरात उत्तर आलं: आभार, टाक्या घेतो. बस. ज्याला घाबरून क्लाउझन फाइल छातीशी धरून बसला होता, ते एवढंच होतं. तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मीही नाही.

टाक्या बांधून झाल्यावर सेलीनाने फोन केला. उरलेल्या आठ कुटुंबांतली पाच वर आली, बाकी तिघांची घरं बांधून व्हायची होती. आधीच्या सहांपैकी तीन मात्र मळे जळाल्यावर परत किनाऱ्यावर उतरली होती. ती आता काही केल्या वर यायला तयार नाहीत.

मी म्हटलं, त्यांना सांग, आता पाणी आहे, हिशेब पक्का आहे.

"सांगितलं," ती म्हणाली. "ते म्हणतात, मागच्या वेळीही कागद पक्काच होता."

आमच्या धंद्यात रकाना रिकामा आला तर फोन उचलून विचारायचं असतं. पाच मिनिटांचं काम. ती तीन कुटुंबं अजून खालीच राहतात, भरतीला सामान खाटेवर चढवून.