सपरीतली शाळा

आसगावच्या मालगुजारी काळातल्या शाळेवर सोमवारी जेसीबी चालणार होता, म्हणून रविवारी निरोप समारंभ ठेवला. छपराच्या गळक्या कवेलूंकडे ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही, तेच हार घेऊन पुढे होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध!

रंभाबाई मांडवात शेवटच्या रांगेत टेकली. उन्हाळी धानाच्या कापणीनं कंबर धरली होती, डोळे मिटत होते. तरी आली, कारण पाहुणा तिचा धाकटा भाऊ होता, नागपूरहून आलेला धनंजय. त्यानं माईकवर एकदा म्हणावं, माझी बहीणही या शाळेत होती, एवढीच तिची इच्छा. शाळेत तिचं नाव कोणी घातलंच नव्हतं. उद्या भिंती गेल्या की आपण इथं होतो हे सांगायचीही सोय उरणार नव्हती.

धनंजय पाच वर्षांचा असताना माय दिवसभर धानाच्या रोवण्यावर जायची आणि हा वर्गात भोकाड पसरायचा. गुरुजी वैतागले, म्हणाले, याच्या बहिणीला बाहेर सपरीत बसवा, नजरेसमोर राहील. नऊ वर्षांची रंभा दारापुढच्या त्या ओसरीत खांबाला टेकून बसू लागली. आत पोरं पाढे ओरडायची, ही बाहेर पुटपुटायची. खिडकीतून फळा दिसायचा, त्यावरची अक्षरं ती बोटानं धुळीत गिरवायची. असं सुख तिला पुढे कधी लाभलं नाही.

दिवाळीनंतर धनंजय रमला. गुरुजी म्हणाले, उद्यापासून तू नाही आलीस तरी चालेल. मग रंभानं युक्ती काढली. फाटकाशी आलं की त्याच्या मांडीला करकचून चिमटा घ्यायची. पोरगं बोंबलायचं आणि तिची जागा कायम राहायची. होळीपर्यंत हे निभलं. एके दिवशी त्यानं ओठ दातांखाली दाबला, पण रडला नाही. दुसऱ्या दिवशीपासून रंभा मायसोबत मोहफुलं वेचायला गेली.

आता माईकवर धनंजय म्हणाला, "मी फार रडका होतो. माझी आई बिचारी कामधंदा सोडून इथं सपरीत बसून राहायची."

टाळ्या पडल्या. माय तर या फाटकाच्या आत कधी आलीच नव्हती. रंभाबाईला राग यायला हवा होता, पण तेवढंही बळ उरलं नव्हतं. तिनं टाळी मात्र वाजवली नाही.

जेवणं झाल्यावर धनंजय तिच्याजवळ आला. "बाई, कसं झालं भाषण?"

"चांगलं झालं. पण सपरीत माय नोहती रे, मी होती."

तो गोंधळला. "तू? मले तं मायच आठवते."

"लहान होता तू. जे कडेवर घे, थेच तुले माय वाटे."

त्याचं तोंड उतरलं. "थांब, आताच सांगतो सगळ्याइले." तो वळला, पण मांडववाल्यानं माईक काढून नेला होता आणि लोक चपला शोधत होते.

"राहू दे," रंभाबाई म्हणाली. "तुले रोज फाटकाशी चिमटा कोण घे, आठवते? मीच घेत होती. तू रडे, तवरिकच माही शाळा होती."

धनंजयचा हात नकळत मांडीवर गेला.

"ज्या दिवशी तू रडला नाही ना धनू, त्या दिवशी गुरुजीनं तुले शाबासकी देल्ली," ती म्हणाली. "मी घरी जाऊन लय रडली."