निर्व्यसनी कार्ड

"दारू घेतोस का?"

"न्हाय बाय."

"कधीतरी? लग्नाकार्यात?"

"न्हाय."

काशिनाथ माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळाजर्द झाला होता. जेवण जात नव्हतं, पाणीसुद्धा उलटत होतं. त्याची बायको जनाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी प्रश्न विचारला की ती जमिनीकडे बघायची.

काशिनाथ खारबावचा. भिवंडीत टेम्पोवर कापडाच्या गाठी चढवायचं काम करायचा. आदल्या महिन्यात त्याला टीबी निघाला होता आणि त्याच्या गोळ्या मीच सुरू केल्या होत्या. तेव्हाही मी हेच प्रश्न विचारले होते, तेव्हाही उत्तरं हीच मिळाली होती. त्याच्या खिशात आमच्या दवाखान्याचं निर्व्यसनी कार्ड होतं.

या कार्डाबद्दल आधी सांगायला हवं. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची आहे. मी तेव्हा भिवंडीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात डॉक्टर होते. ट्रस्टचे अध्यक्ष दामलेसर. शाळेत ते माझे हेडमास्तर होते, त्यामुळे दवाखान्यात मला "डॉक्टर" म्हणायचे आणि घरी "शैला". सत्तरी ओलांडली तरी रोज पहाटे तलावापर्यंत चालत जायचे. दात स्वतःचे, चष्मा फक्त वाचायला.

त्यांच्या शाळेतला एक शिपाई बिड्या ओढून ओढून खोकत गेला होता. त्याच्या मुलांची शिक्षणं सरांनी केली. ते दुःख त्यांच्या मनात होतं. ट्रस्टकडे पैसा मोजकाच होता, आणि तो कोणासाठी वापरायचा हा प्रश्न दर मीटिंगला यायचा. एकदा सर म्हणाले, "जो शरीर सांभाळतो त्याला आपण काहीच देत नाही. जो जाळतो त्याला औषध देतो. हे उलटं नाही का?"

त्यातून कार्ड निघालं. बिडी, तंबाखू, दारू यांपासून लांब राहणाऱ्याला तपासणी आणि औषधं संपूर्ण मोफत. बाकीच्यांना अर्धा खर्च. मनातून मलाही हे पटण्यासारखं वाटलं होतं. काही माणसांनी खरोखर बिडी सोडली, हेही सांगितलं पाहिजे. एक मिश्री लावणारी आजी तर डबी माझ्या टेबलावर ठेवून गेली.

पण माझी एक अडचण सुरू झाली. डॉक्टर पेशंटला सुरुवातीला जे विचारतो त्याला आम्ही हिस्टरी म्हणतो. खोकला कधीपासून, आधी काय आजार झाले, खातो काय, पितो काय. निम्मं निदान हिस्टरीत होतं, उरलेलं तपासणीत. कार्ड आल्यापासून माझ्या दवाखान्यातली हिस्टरी बिघडली. सगळे एका रात्रीत संत झाले. एक पॉवरलूमवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, हम तो पानी भी छानके पीते हैं." त्याच्या शर्टाला बिडीचा वास इतका होता की मी खिडकी उघडली.

सरांना सांगितलं तर ते हसले. "खोटं बोलणारा पोरगा मला चेहऱ्यावरून कळायचा, डॉक्टर. तुम्हालाही जमेल."

मला जमत नव्हतं. काशिनाथचा चेहरा बघून मला काहीच कळत नव्हतं.

कळणं गरजेचं होतं. टीबीच्या नव्या गोळ्यांनी कोर्स लवकर संपायचा, पण त्या महाग होत्या आणि लिव्हरवर त्यांचा भार पडायचा. चांगल्या लिव्हरला तो बहुधा पेलतो. त्यात दारू असेल तर लिव्हर बसतं आणि कावीळ होते. पण भिवंडीत कावीळ पाण्यातूनही व्हायची. शिवाय एखाद्याला नुसती गोळीच सोसत नाही. तिन्ही काविळी दिसायला सारख्याच, पुढचा रस्ता मात्र प्रत्येकीचा वेगळा.

मी सगळ्या गोळ्या बंद केल्या, रक्त तपासायला पाठवायचं ठरवलं आणि काशिनाथला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. जनाबाई त्याच्यामागे निघाली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"बाय, कार्ड काढून घ्याल ना?"

"कशासाठी?"

"काय न्हाय. ऱ्हाऊ द्या."

ती पुन्हा दाराकडे वळली. मी पेन खाली ठेवलं. "जनाबाई, बसा. कार्डाचं नंतर बघू. माणूस आजारी आहे."

ती बसली नाही. पदराचं टोक हातात पिळत म्हणाली, "खरा सांगते. तो पितो. गाठी उचलून आंग दुखतं, मंग पितो. गोल्या चालू झाल्या तवापन पीत व्हता. काल कावील उतरंल म्हनून वज्रेश्वरीच्या गरम कुंडात आंघोल घालून आनला, तिथनं येतानापन..." पदराच्या गाठीतून तिने घामाने मऊ झालेलं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. ते त्याचं नव्हतं, तिचं स्वतःचं होतं. "ह्यो माजा पन घ्या. मीच सांगितला त्याला, न्हाय बोल म्हनून. कार्ड ठेवा तुमचा. मना मानूस द्या."

मी तिला पाणी दिलं. मग तिला नीट समजावलं, अगदी सोप्या शब्दांत. एक थेंबही द्यायचा नाही. तो भलतंच बोलायला लागला, दिवसा झोपून राहायला लागला, तर वाट बघायची नाही, लगेच घेऊन यायचं. लिव्हर फारच बिघडलं की विष डोक्यापर्यंत जातं, त्याची ती खूण असते.

दोनच दिवसांनी ती त्याला टेम्पोत घालून घेऊन आली. तो मला ओळखत होता, पण आपण कुठे आहोत ते त्याला सांगता येत नव्हतं. मी त्याला दोन्ही हात पुढे धरायला लावले. पंजे पाखराच्या पंखासारखे फडफडायला लागले. ही वाईट खूण. मी ताबडतोब चिठ्ठी लिहिली आणि ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. चिठ्ठीत टीबीच्या गोळ्या लिहिल्या आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहिलं: रोज दारू, परवापासून बंद.

ही ओळ का महत्त्वाची, ते सांगते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की तो थरथरतो, त्याला भास होतात, झटके येऊ शकतात. लिव्हर बिघडलेला रुग्णही असाच बरळतो. दारूचं माहीत नसेल तर डॉक्टर झोपेचं नेमकं चुकीचं औषध देऊ शकतो, आणि अशा लिव्हरला ते झेपत नाही. तिथल्या वॉर्डाच्या डॉक्टरांनी नंतर मला फोन केला. "तुमच्या पेशंटची हिस्टरी आली ते बरं झालं. नाहीतर आम्ही चाचपडत बसलो असतो."

हिस्टरी माझी नव्हती, जनाबाईची होती.

त्याच आठवड्यात मी सरांच्या घरी गेले. ते ओसरीवर नाचणीची आंबील पीत होते. मी दोन्ही कार्डं, जनाबाईचं आणि तिने नंतर आणून दिलेलं काशिनाथचं, त्यांच्यापुढे ठेवली आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"नियमाप्रमाणे ही दोन्ही रद्द होतात," सर म्हणाले.

"हो सर. आणि ही बातमी खारबावला पोचली की तिथली कुठलीच बाई मला खरं सांगणार नाही."

"शैला, पण ज्याने खरंच बिडी सोडली, त्याने काय पाप केलं? त्याला काहीच नाही?"

"त्याला द्या ना सर. सत्कार करा, टॉवेल-टोपी द्या, तुमच्याबरोबर तलावावर न्या. फक्त औषधाला ती अट नको. मला विचारायचं असतं ते शिक्षा द्यायला नाही, गोळी ठरवायला."

त्यांनी चष्मा लावून दोन्ही कार्डांवरची नावं वाचली. मग म्हणाले, "मला त्या बाईंना भेटायचंय."

आम्ही ठाण्याला गेलो. काशिनाथ शुद्धीवर आला होता, उशीला टेकून पेज पीत होता. सरांना बघून जनाबाईने डोक्यावर पदर घेतला. कार्डाची चौकशी करायला आले असं तिला वाटलं असणार. "साहेब, चूक माजी हाय. त्याला काय बोलू नका."

सर तिच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठे. ते बाकावर सरकून बसले आणि तिला शेजारी बसायला सांगितलं. ती बसली नाही, मग तेच उठून उभे राहिले. "कार्ड जाईल हे माहीत असून तुम्ही सांगितलंत?"

"मंग काय करनार साहेब? बाय इचारीत व्हती. तिला ठावूक न्हाय तर ती औषाद कसला देनार?"

सर माझ्याकडे वळले. परतीच्या एसटीत मानकोली मागे पडल्यावर ते म्हणाले, "शाळेत कबूल करणाऱ्या पोराला मी कधी छडी मारली नाही. आणि दवाखान्यात तेच करायला निघालो होतो."

पुढच्या मीटिंगला त्यांनी स्वतःच ठराव मांडला. एका ट्रस्टींनी हरकत घेतली, "मग उद्या सगळे दारुडे इथेच येतील." सर म्हणाले, "आजारी असतील तर इथेच यायला हवेत." ठराव झाला. ज्याला ऐपत नाही त्याला मोफत, बाकी कुठली अट नाही. व्यसन सोडणाऱ्यांचा सव्वीस जानेवारीला शाळेत सत्कार सुरू झाला, आणि तो सरांच्या हातून बरीच वर्षं चालला. वयाच्या त्या टप्प्यावर, इतक्या कौतुकाने सुरू केलेली गोष्ट स्वतःच्या हाताने मोडायला मन किती मोठं लागतं, ते मला पुढे स्वतः ट्रस्टवर बसल्यावर कळलं.

काशिनाथची कावीळ उतरली. टीबीच्या गोळ्या आम्ही एकेक करून, रक्त तपासत पुन्हा सुरू केल्या. त्याने कोर्स पूर्ण केला. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा जनाबाई खाडीच्या निवट्यांचं कालवण डब्यात घालून घेऊन आली. मी मासे खात नव्हते, पण तो डबा मी घेतला. सिस्टरनी चवीने खाल्ला.

त्याने दारू कायमची सोडली, असं मी सांगणार नाही. नव्वदच्या पुढे कधीतरी तो खोकल्यासाठी आला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "बाय, भाच्याच्या हलदीला घेतली. थोरी." मी रागावले, पण त्या दिवशी योग्य औषध लिहू शकले.

निरोगी राहणाऱ्या माणसाला बक्षीस जरूर द्यावं. फक्त ते औषधाच्या खिडकीतून देऊ नये. तिथे खोटं बोलण्याची किंमत माणसं जिवाने मोजतात.